पित्ताचं गाव

शहादेवच्या गावात हार्टचा आजार कुणालाच नव्हता. पित्त मात्र घरोघरी होतं.

उपाशी राहिलं की पित्त, चहा जास्त झाला की पित्त. चढ चढताना छाती आवळली तरी पित्त, आणि डावा हात खांद्यापासून भरून आला तरी ते पित्तच, फक्त हातात उतरलेलं. किराणा दुकानात साखरेच्या खालोखाल खप होता तो सोड्याच्या पुड्यांचा. घाटनांदूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेलं हे गाव. शिकलंसवरलेलं, घरटी मोबाइल बाळगणारं, निवडणूक आली की सगळ्या जिल्ह्याला अक्कल शिकवणारं. पण छातीत दुखलं की गावाची सगळी अक्कल सोड्यात विरघळायची.

या पित्ताची खरी जात काय, हे गावात एकाच माणसाला पुरतं माहीत होतं, आणि नेमकी त्यालाच बोलायची बंदी होती. तो माणूस म्हणजे शहादेव.

शहादेवची एक पांढरी व्हॅन होती. स्टेशनावरचे पॅसेंजर, लग्नाची वऱ्हाडं, अंबाजोगाईला न्यायची अडलेली बाळंतीण, असं सगळं तिच्यातून जायचं. गावात तिच्यापेक्षा भारी गाड्या ढीगभर होत्या. पण छातीचा पेशंट निघाला की निरोप शहादेवलाच यायचा, आणि तोही पोराटोराच्या हाती नाही, घरातला कर्ता स्वतः येऊन कानात सांगायचा. कारण साधं होतं. भाऊबंदाच्या गाडीत बसलं तर पेशंट लातूरला पोचायच्या आत बातमी पाव्हण्यारावळ्यांत पोचायची. शहादेव पडला बौद्ध वस्तीतला. यांच्या सोयरिकीच्या बैठकीत त्याला कोण बसवणार, आणि तिथं त्याचं मत तरी कोण विचारणार? म्हणून त्याच्या तोंडावर विश्वास. शहादेवला हा विश्वास कुठून येतो ते बरोबर कळायचं आणि कळलं की त्याची तळपायाची आग मस्तकाला जायची. पण गाडी तर चालवायची होती.

सोयरीक ही काय चीज आहे ते ज्यांच्या घरात लग्नाची पोरं आहेत त्यांनाच ठाऊक. पाव्हणे पोरगी बघायला येतात, पोहे खातात, जमीन विचारतात, पोराची नोकरी सांगतात. मग त्यांच्यातला एखादा म्हातारा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून उठतो आणि थेट शेजारच्या घरात पाणी प्यायला जातो. पाणी पिता पिता बारीक आवाजात विचारतो, "घरात काही आजार-बिजार?" त्या एका तांब्याभर पाण्यात कितीतरी जमलेली लग्नं बुडालेली होती. म्हणून ज्याच्या छातीत स्प्रिंग, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्टेंट, बसायची तो माणूस लातूरहून परत यायचा तो गुडघ्याचा पेशंट होऊन. कुणी कोर्टाच्या तारखेला गेलेला असायचा, कुणी आडतीवर, कुणी मेहुणीच्या वास्तुशांतीला. गाडीतून उतरताना प्रत्येकजण शहादेवच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलायचा.

"शहादेवा, कुनाला सांगू नगं बरं. पोरीचं व्हायचंय आजून."

आणि शहादेव म्हणायचा, "न्हाई सांगत."

असं करता करता वरची आळी झाली, खालची आळी झाली, मारुतीच्या मागची झाली, शहादेवची स्वतःची वस्तीही सुटली नाही. म्हातारेच होते असंही नाही. चाळिशीतले गडी होते, नाकात नथ घालून मिरवणाऱ्या बाया होत्या, तंबाखूला आयुष्यात हात न लावलेले माळकरी होते. उपचार टाळायला पैशाचंही कारण उरलं नव्हतं, सरकारी कार्डावर फुकट होत होतं. शहादेव सकाळी गाडी पुसताना गावाकडं बघायचा आणि त्याला कौलांच्या जागी छात्याच दिसायच्या, ही अमक्याची, ही तमक्याची. गावातला प्रत्येकजण मात्र असा वागत होता, की असलं काही झालेला आपण एकटाच.

रामप्रसाद गेला तेव्हा शहादेवच्या मनातला हा गुंता पहिल्यांदा दुखायला लागला.

रामप्रसाद म्हणजे किराणा दुकानवाला. सोड्याच्या पुड्या सगळ्या गावाला विकणारा तोच. सकाळी दुकान उघडलं, छाती चोळली, स्वतःच्याच बरणीतली पुडी ग्लासात टाकली, प्यायला, ढेकर दिला, "आता बरं वाटायलंय" म्हणाला आणि तागडीवर डोकं ठेवून तसाच राहिला. गिऱ्हाईक साखर मागत उभं होतं. चौकात बॅनर लागलं, अल्पशा आजाराने दुःखद निधन. गाव हळहळलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पित्त डोक्यात गेलं.

आणि मातीच्या वेळी रामप्रसादचा थोरला भाऊ हरिबा, ज्याच्या छातीत दीड वर्षापासून दोन स्प्रिंगा होत्या, ज्याला शहादेवनं स्वतःच्या गाडीतून लातूरला नेऊन आणलं होतं, तो शहादेवजवळ येऊन उभा राहिला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. शहादेवला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.

हरिबा म्हणाला, "त्याला सांगायला पायजे होतं रे मी. सख्खा भाऊ. पर त्याच्या बायकुच्या तोंडात तीळ भिजत न्हाई." मग उपरण्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "तू आता बोलू नगंस. धाकटीला पाव्हणे येनारेत आईतवारी."

सख्खा भाऊ सरणावर होता. शहादेवला वाटलं, याची गचांडी धरावी. पण दुःखातल्या माणसाची गचांडी कोण धरतं? तो नुसता बाजूला जाऊन बाभळीखाली उभा राहिला, आणि पुढचे कितीतरी दिवस घरात विनाकारण पंचशीलावर खेकसत राहिला.

पंचशीला त्याची बायको. चार दिवस तिनं ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी ताट समोर ठेवून म्हणाली, "गावाचा राग घरात आनायचा आसंल तर गाव बी घरात आना, म्हंजे मी त्येंनाबी दोन शब्द ऐकवीन."

त्यानंतर दिवाळी झाली, थंडी पडली, आणि तानाजीचं सुरू झालं.

तानाजी शहादेवचा शाळेपासूनचा दोस्त. शाळेत एकाच बाकावर बसले, एकाच मास्तराच्या छड्या खाल्ल्या. तानाजीच्या घरी ओट्याच्या आत शहादेवला पहिल्यांदा बोलावलं ते तानाजीनंच, स्वतःच्या आजोबाशी भांडून. हे शहादेव विसरला नव्हता. तानाजीचं रान चांगलं, ऊस उभा, बायको केसरबाई कामाची आणि करड्या बोलाची. दोन पोरी, थोरली संस्कृती, धाकटी रोहिणी. संस्कृतीची सोयरीक तेलगावच्या सुंदररावांच्या पोराशी जमली होती. घर तालेवार, पोरगा इंजिनिअर. सुपारी फुटली होती, लग्नाची तारीख उन्हाळ्यातली.

एका सकाळी तानाजी शहादेवच्या व्हॅनमधून खताची पोती घेऊन रानात निघाला. पांदीच्या चढाला गाडी लावली, तिथून दोघं चालत निघाले. अर्ध्या चढाला तानाजी थांबला. छातीवर मूठ दाबून धरली, दुसरा हात बाभळीला टेकवला. कपाळावर घाम, आणि दिवस तर थंडीचे.

"काय झालं बे?" शहादेवनं विचारलं.

"काय न्हाई. पित्त हाय. थांबलं की जातंय." तानाजीनं खिशातून सोड्याची पुडी काढली, तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्यायला. जरा वेळानं हसला. "बघ, गेलं का न्हाई?"

लातूरच्या डॉक्टरांच्या तोंडून हे त्यानं पेशंटगणिक ऐकलं होतं. चाललं की येतं, थांबलं की जातं, तेच खरं घातकी दुखणं. पित्त काही चढ-उतार बघून येत नाही.

"तान्या, हे पित्त न्हाई. उद्या लातूरला चल माझ्यासंगं."

"कशाला?"

"हार्टच्या डॉक्टरला दाखवू."

तानाजी खोखो हसला. "हार्ट? आरं ते शेरातल्या ढेरपोट्यांचं काम. दिवसभर खुर्चीत बसायचं आन् बटाटेवडे खायचे. आपल्या गावात कुनाला झालंय का हार्टचं? एक नाव सांग. एका मानसाचं नाव सांग शहादेवा, उद्या पायात चप्पल घालून तुझ्यासंगं येतो."

शहादेवच्या जिभेवर नावं येऊन उभी राहिली. वरच्या आळीपासून सुरुवात केली असती तर शेताला पोचेपर्यंत संपली नसती. खुद्द तानाजीचा सख्खा चुलता त्यात होता. बांधाला बांध लागलेला शेजारी होता. गेल्या शिमग्याला ज्याच्याबरोबर तानाजी लेझीम खेळला तो होता. आणि एकेका नावावर शहादेवची जबान अडकलेली.

"हायत," तो एवढंच म्हणाला.

"कोण?"

शहादेवनं पोतं खांद्यावर घेतलं आणि चढ चढायला लागला. मागून तानाजी हसत होता, "बघ, न्हाई ना एकबी?"

त्या दिवसापासून शहादेवचं अन्न गोड लागेना. त्यानं एक उपाय करून बघितला. ज्यांच्या छातीत स्प्रिंगा होत्या त्यांच्याच दारात गेला. म्हणाला, तुमी सवता तानाजीला सांगा, आडबाजूला बोलवून सांगा, चार भिंतीत सांगा. तानाजीचा चुलता म्हणाला, "मी सांगतो, पर नातीचं होऊ दे." शेजारी म्हणाला, "तानाजीला सांगितलं म्हंजे केसरबाईला कळलं. केसरबाईला कळलं म्हंजे पांडुरंगालाबी कळलं." शेवटी शहादेव हरिबाकडं गेला. निदान ह्याला तरी भाऊ जाण्याचं दुःख ठाऊक आहे, असं त्याला वाटलं.

हरिबानं चहा पाजला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुजं खरं हाय. एकदम खरं हाय." भिंतीवर रामप्रसादचा हार घातलेला फोटो होता. हरिबा त्या फोटोकडं बघत बसला आणि शहादेव हरिबाकडं. चहा निवून गेला.

घरी येऊन शहादेवनं चपला भिरकावल्या. "जनावरं बरी," तो म्हणाला. "एक बैल लंगडला तर दुसरा थांबतो तरी. ही मानसं सरनापाशी उभी राहून सोयरीक बघायलीत. आन् मी? मी कावून गप हाय? माझी कोनती पोरगी त्येंच्या घरात द्यायचीय? माझी जबान, माझी जबान. एका जबानीपायी रामप्रसाद गेला, आता तान्या जाईल, मग काय जबानीला हार घालून भिंतीला लावू?"

पंचशीला भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "तुमी जबान दिलीय ती सांगनार न्हाई म्हनून. दाखवनार न्हाई आसं कुठं बोलला?"

शहादेवनं भिरकावलेल्या चपला उचलून दाराशी ठेवल्या.

"बुधवारी न्या की त्येला," ती म्हणाली. "बुधवारी तर आख्खं गाव तिथंच आसतं."

हे खरं होतं. लातूरच्या त्या दवाखान्यात जुने पेशंट तपासायचा वार बुधवार. बुधवारी सकाळी गावातून सगळे वेगवेगळे निघत. कुणी एसटीनं, कुणी फाट्यावरून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर, कुणी रेल्वेनं, आणि दुपारी दवाखान्याच्या हॉलमध्ये सगळे एकत्र. त्या हॉलचा एक कायदाच होता, की तिथं कुणी कुणाला ओळखत नाही. बांधाला बांध लागलेली माणसं तिथं भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं टक लावून बसत, आणि संध्याकाळी गावात भेटली की एकमेकांना विचारत, "काय, दिसला न्हाई आज दिवसभर?"

आणि आणखी एक गोष्ट होती, ती शहादेवनं पंचशीलालाही सांगितली नव्हती. संस्कृतीच्या सुपारीला पाव्हणे आले, तेव्हा तेलगावच्या सुंदररावांना बघून शहादेव चमकला होता. हा चेहरा त्यानं पाहिलेला होता, लातूरच्या त्याच हॉलमध्ये, महिन्याच्या पहिल्या बुधवारी. जवळचं बीड सोडून हा माणूस एवढ्या लांब लातूरला यायचा, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. सुंदररावांनीही शहादेवला ओळखलं होतं. दोघांची नजरानजर झाली आणि सुंदररावांनी पटकन पानाच्या तबकाकडं बघितलं होतं. या माणसाला शहादेवनं कसली जबान दिली नव्हती. पण बोललो आणि सोयरीक मोडली तर? संस्कृती त्याला काका म्हणायची. कुणाचं लग्न मोडून कुणाचा जीव वाचवायचा, हा हिशेब शहादेवला जमत नव्हता, आणि जमत नाही म्हणून तो आणखी चिडत होता.

शेवटी पहिल्या बुधवारी त्यानं तानाजीला गाडीत घातलं. लातूरला मंडपवाल्याला भेटायचं निमित्त होतंच. जाताना म्हणाला, "दवाखान्यातून एक पेशंट घ्यायचाय, दहा मिनिटं थांबू." तानाजी खुशीत होता. रेणापूरच्या पुढं उतरून त्यांनी उसाचा रस प्यायला. गाडीपर्यंत चालत येताना तानाजी मध्येच थांबला, चपलेत खडा गेल्याचं सोंग केलं, आणि शहादेवनं ते सोंग बघितलं.

हॉलचं दार ढकलून शहादेव आत गेला, मागं तानाजी.

एका क्षणात हॉलमधल्या माना वळल्या आणि दुसऱ्या क्षणात खाली गेल्या. तानाजीच्या सख्ख्या चुलत्यानं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. बांधावरच्या शेजाऱ्यानं बायकोच्या पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. हरिबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, जणू भिंतीला काही विचारायचंय. वरच्या आळीची एक बाई होती, खालच्या आळीची एक म्हातारी होती, दोघींनी पदर ओढून घेतले.

"आरं," तानाजी म्हणाला, "आपलं गाव इथं कसं काय?"

आणि मग तानाजीची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली. तिथं पांढरी टोपी डोळ्यांवर ओढून सुंदरराव बसलेले होते.

तानाजी हातातली पिशवी सावरत पुढं झाला. "पाव्हणं, तुमी?"

सुंदरराव उठले, पुन्हा बसले. "ते... एका पाव्हण्याला घेऊन आलतो. आन् तुमी?"

"मीबी पाव्हण्यालाच घेऊन आलतो," तानाजी म्हणाला. कशासाठी खोटं बोलला ते त्याला स्वतःलाही कळलं नसेल. तो तर खरंच नुसता आला होता. सवय, दुसरं काय?

दोघं व्याही शेजारी शेजारी बसले. ऊस कसा आहे, कारखान्यानं तोडी लांबवल्या का, मंडप कुणाचा, सगळं बोलून झालं. तेवढ्यात आतून सिस्टरनं नाव पुकारलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. सुंदरराव जागचे हलले नाहीत. तिनं पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा ती बाहेर आली आणि सरळ त्यांच्यापुढं उभी राहिली. "आजोबा, दर महिन्याला येता, ऐकू येत नाही का? ईसीजीला चला."

सुंदरराव उठले. जाताना त्यांनी तानाजीकडं बघितलं नाही. शहादेव दाराशी उभा होता. आता सोयरीक मोडते की काय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

परत आल्यावर सुंदररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता काय लपवायचं?" ते म्हणाले. "तीन वर्सं झाली, पाव्हणं. मलाबी पित्तच वाटलं होतं. गोठ्यातून वाड्यापर्यंत चाललं की छाती आवळायची, वट्ट्यावर टेकलं की मोकळी. सोडा पिऊन पिऊन घसा खरवडून निघाला. शेवटी गव्हाणीत पडलो. माझं नशीब म्हनून इथं बसलोय. तुमाला सोयरीक मोडायची आसंल तर..."

"चाललं की आवळतं?" तानाजीनं मध्येच विचारलं. "आन् थांबलं की जातं?"

"होय."

तानाजीनं हात छातीवर नेला. मग हळूच मान वळवून दाराकडं शहादेवला बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलं. त्यानं हॉलभर नजर फिरवली. चुलता, शेजारी, हरिबा, पदर ओढलेल्या त्या दोघी. शहादेवनं फक्त भुवया वर केल्या. तो एक शब्दही बोलला नव्हता.

त्याच दिवशी तानाजीची ईसीजीची पट्टी निघाली, दुसऱ्या दिवशी हातातून तार घालून हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढला. मुख्य नळी नव्वद टक्के बंद. डॉक्टर म्हणाले, पेरणीपर्यंत हा माणूस टिकला नसता. उजव्या मनगटातून स्प्रिंग गेली. केसरबाई धावत आली, आधी रडली, मग नवऱ्याला भरपूर बोलली, मग शहादेवच्या पाया पडायला लागली. शहादेव मागं सरकला. बाहेरच्या बाकड्यावर बसून तो आडवा हात डोळ्यांवर घेऊन रडला, आणि रडताना त्याला सारखा तागडीवर डोकं ठेवलेला रामप्रसाद दिसत होता.

घरी न्यायच्या दिवशी सुंदररावही भेटायला आले होते. दोन्ही व्याही गळाभेट घेऊन हसले. सोयरीक पक्की होती, उलट आणखी पक्की झाली. शहादेवला वाटलं, झालं, गावाची कोंडी फुटली. आता हे दोघं बोलतील, मग चुलता बोलेल, मग हरिबा.

गाडी घाटनांदूरच्या जवळ आली तेव्हा मागच्या सीटवरून तानाजीचा हात शहादेवच्या खांद्यावर पडला.

"शहादेवा, गावात कुनाला सांगू नगं बरं."

शहादेवनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागं वळून बघितलं. "कुनापासून लपवायचं बे आता? ज्याच्यापासून लपवायचं व्हतं तो तर तुझ्या शेजारी बसून छाती दाखवून गेला."

"रोहिणी हाय की आजून," तानाजी म्हणाला.

केसरबाईनं खिडकीबाहेर बघितलं. शहादेवला ओरडावंसं वाटत होतं, पण मागं स्प्रिंग बसवलेला माणूस होता, त्याच्यावर ओरडता येत नाही. "न्हाई सांगत," तो म्हणाला, आणि गाडी चालू केली.

पुढच्या आठवड्यात फाट्यावरच्या हॉटेलात चहाला माणसं जमली होती. तानाजी भर उन्हाचं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाचं बटण लावून बसला होता. गावाला त्यानं सांगितलं होतं, लातूरला पोटाचं बारीकसं काम होतं. शहादेव समोरच्या बाकावर. तेवढ्यात सटवा आला. सटवा म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरवर जाणारा, बैलासारखा राबणारा गडी. तो दारातच थांबला, खांबाला धरून उभा राहिला, छातीवरून मूठ फिरवली.

"एक सोडा दे रे," तो हॉटेलवाल्याला म्हणाला. "गोठ्यापासून इथवर आलो तर दोनदा थांबावं लागलं. पित्त लई खवळलंय."

शहादेवनं तानाजीकडं बघितलं. आता, त्याला वाटलं. आता तरी बोलेल.

तानाजीनं कपातल्या चहाकडं बघितलं. घोट घेतला. आणि म्हणाला, "घे, सोडा घे. थांबलं की जाईल."

शहादेव उठला तेव्हा त्याच्या धक्क्यानं बाकडं उलटं झालं. त्यानं तानाजीचा उजवा हात धरला, बटण तुटलं तरी पर्वा केली नाही, आणि बाही कोपरापर्यंत वर सरकवली. मनगटावर टोचल्याची खूण होती आणि तिच्याभोवती हाताच्या आतल्या बाजूला काळानिळा डाग पसरलेला होता.

"हे काय हाय?" सटवानं विचारलं.

"मला इचारू नगं," शहादेव म्हणाला. "मी जबान दिलीय. ज्याचा हात हाय त्याला इचार."

कोपऱ्यात हरिबा बसला होता, त्यानं स्वतःच्या बाहीवरून हात फिरवला आणि तो हात तिथंच ठेवला. तानाजीनं हात ओढून घेतला. "मोटारीचा पट्टा लागला," तो म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. जाताना शहादेवकडं बघितलंही नाही. शाळेपासूनची दोस्ती त्या अर्ध्या कपात राहिली.

सटवानं ग्लासातला सोडा प्यायला. सगळ्यांनी बघितलं आणि आपापला चहा संपवला. शहादेव घरी आला, जेवला नाही. पंचशीलानं विचारलं, तर म्हणाला, "काय उपेग न्हाई. आख्खं गाव मसनात जाईल, पर बाही वर करनार न्हाई."

सकाळी तो गाडी पुसत होता तेव्हा फोन वाजला. सटवाची बायको होती.

"भाऊ, गाडी हाय का? ह्येंना लातूरला न्यायचंय, हार्टच्या दवाखान्यात."

शहादेवच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आँ? काल तर सोडा पिऊन बसला व्हता."

"रातच्याला तानाजीराव येऊन गेले. मागच्या दारानं आले. हात दाखिवला, समदं सांगितलं, आन् म्हनले शहादेवलाच बोलवा." फोनमध्ये तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पर भाऊ, तेवढं कुनाला सांगू नका. पोराचं व्हायचंय आजून."

शहादेवनं डोळे मिटून घेतले.

"न्हाई सांगत," तो म्हणाला. "मागच्या दारापाशी गाडी लावतो."